खिशातला चाकू

"हेका कधी माशाचो वास तरी दाखवलंस काय नाय?" मोतीरामनं विचारलं, आणि चाकू मिटून माझ्या हातात परत दिला.

आम्ही त्याच्या होडीत बसलो होतो. किनारा मागे पडला होता. नोव्हेंबरातली सकाळ, ऊन अजून कोवळं. त्यानं आदल्या संध्याकाळी खडपाजवळ, म्हणजे पाण्यातल्या खडकांपाशी, जाळं टाकलं होतं, ते काढायला चाललो होतो. चाकू घडीचा होता. मूठ काळसर शिंगाची, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या, पातं बोटाहून थोडं लांब. वेंगुर्ल्यात एका म्हाताऱ्या बाईकडून मी तो चारच दिवसांपूर्वी आणला होता. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. परदेशच्या कुठल्याशा बंदरात त्यानं तो हौसेनं घेतला आणि पेटीत ठेवला तो ठेवलाच. साठ-सत्तर वर्षांचं पोलाद, पण त्याला ना पाण्याचा थेंब लागला होता ना लिंबाचा. पात्यात तोंड दिसत होतं.

मी म्हटलं, याला वास दाखवायचा नाही आणि पाणीही नाही. हे साधं पोलाद आहे, स्टेनलेस नव्हे. समुद्राचं पाणी लागलं तर दुपारपर्यंत तांबडं होईल.

मोतीराम हसला. त्याच्या मते तो चाकू नव्हताच, देव्हाऱ्यातला देव होता. त्याचा स्वतःचा चाकू कमरेला दोरीनं लटकत असे. तोही घडीचा, तोही साध्या पोलादाचा. पण तीस वर्षं दगडावर घासून घासून त्याचं पातं चिंचेच्या आकड्याएवढं उरलं होतं, आणि रंग म्हणाल तर पावसाळी ढगासारखा. त्या चाकूनं तो जाळं कापायचा, मासे साफ करायचा, नखं काढायचा, आणि मी गेलो की त्यानंच पेरू चिरून द्यायचा. पेरूला लोखंडाची आणि बांगड्याची अशी दोन्ही चव लागायची.

आमची ओळखच मुळी चाकूवरून झालेली. मी मूळचा गडहिंग्लजचा, हत्तरकी माझं आडनाव. सरकारी आयटीआयमध्ये फिटर विषयाचा शिक्षक म्हणून मालवण भागात बदली झाली आणि तिथंच रमलो. लग्न केलं नाही. चाकू जमवायचा नाद लागला. जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून, म्हाताऱ्या माणसांच्या ट्रंकांतून मी घडीचे पोलादी चाकू गोळा करायचो. कलमं बांधायचे, पानवाल्यांचे, पलटणीतल्या शिपायांचे, नारळाच्या दोऱ्या कापायचे. एकशे बारा झाले होते. प्रत्येकाला तेलाचा हात, प्रत्येकाला मऊ फ्लॅनेलचा तुकडा. खडपवाडीत कुणा मोतीराम पराडकराकडे जुना चाकू आहे असं कळलं म्हणून एकदा विचारायला गेलो. त्यानं तो द्यायला साफ नकार दिला आणि जेवायला थांबवून घेतलं. मग दर रविवारी जायला लागलो. तो मला मास्तर म्हणायचा. त्याची बायको शेवंती, तिला मी वहिनी म्हणायचो. पुढं पुढं मोतीराम आणि मी एकमेकांना अरेतुरे करू लागलो. माझं त्या किनाऱ्यावर दुसरं घर नव्हतं.

त्या सकाळी मी चाकू फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. वर बटण लावलं.

जाळं निम्मं काढून झालं तेव्हा इंजिन बंद पडलं. वारा फारसा नव्हता, पण लाटा मोठ्या होत्या, आणि होडी हळूहळू खडपाकडे सरकू लागली. मोतीराम घाबरला वगैरे नाही. त्यानं जाळं सोडून दिलं, मला वल्हं धरायला सांगितलं आणि नांगर टाकला. नांगर लोखंडी, चार आकड्यांचा. दोर पायाशी वेटोळं करून पडला होता. दोर सरसरत पाण्यात गेला. त्यातलं एक वेटोळं त्याच्या डाव्या घोट्याभोवती बसलं, हे आम्हां दोघांनाही दिसलं नाही.

नांगर तळाच्या खडकात अडकला आणि दोर ताठ झाला. मोतीराम एकदम आडवा झाला. त्याचा डावा पाय होडीच्या काठावरून बाहेर ओढला गेला, गुडघ्यापर्यंत. बाकीचं अंग आत, काठाला दाबून धरल्यासारखं. पाऊल पाण्याखाली हातभर. दोराचं एक टोक होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधलेलं, दुसरं तळाशी, आणि मधल्या फासात माणसाचा पाय. लाट आली की होडी वर उचलली जायची आणि फास आवळायचा.

पहिल्या लाटेला तो ओरडला नाही. फक्त "गे आये" म्हणाला, हलकंच. त्यानं कमरेचा चाकू काढला, दोरी तोडली, दातांनी पातं उघडलं आणि वाकून पायाखाली हात घातला. दोरावर त्यानं एकदा पातं ओढलेलं मी पाहिलं. तेवढ्यात दुसरी लाट आली, होडी कलली आणि त्याच्या हातातून चाकू सुटला. तीस वर्षांचा चाकू पाण्यात चमकलाही नाही. काळाच होता तो.

मी वल्हं टाकून त्याच्याजवळ आलो होतो. फास सोडवायला मी हात घातला, पण दोर लोखंडाच्या सळईसारखा झाला होता. बोटं आत जात नव्हती.

मोतीराम म्हणाला, "मास्तर, खिशात."

त्याचा आवाज स्पष्ट होता. त्यात घाई होती, पण गोंधळ नव्हता. मला ते ऐकू आलं. माझा हात खिशाकडे गेला, बोटांना बटण लागलं, बटणाखाली फ्लॅनेलचा मऊपणा लागला. आणि मी म्हणालो,

"तुझी कोयती कुठाय?"

"खिशात बघ, मास्तर."

मी वळलो. होडीच्या मागच्या बाजूला फळीखाली टोपल्या होत्या. एकीत कोयती असते हे मला ठाऊक होतं, नारळ सोलायला आणि मोठा मासा तोडायला ती तो नेहमी आणायचा. मी पहिली टोपली उपसली. त्यात भाकरीचं फडकं होतं, पाण्याची बाटली होती, इंजिनाचं तेल होतं. दुसरी टोपली ओली जाळी घालून गच्च भरलेली. मी ती उपसू लागलो. माझ्या पाठीमागं होडी वर उचलली गेली, तेव्हा मोतीराम पहिल्यांदा ओरडला. मी जाळी उपसतच होतो. पुढची लाट आली. या वेळी तो ओरडला नाही, पण मला एक आवाज आला. वाळलेली काठी गुडघ्यावर मोडावी तसा. मी पन्नाशीपर्यंत लोखंड, पितळ, ओतीव बीड, सगळ्यांचे मोडण्याचे आवाज ऐकले होते. हा कशाचा आहे ते मला मागं वळायच्या आत कळलं.

मग मी बटण तोडलं. फ्लॅनेलचा तुकडा कुठं गेला माहीत नाही. चाकू उघडला, काठावर पालथा पडलो, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि पावलाच्या खाली दोर चाचपून पातं लावलं.

दोन ओढींत दोर तुटला.

दोनच. मी मोजल्या नव्हत्या, पण त्या हातात राहिल्या. नवं पातं, कधी न वापरलेली धार, ताणलेला दोर. लोण्यासारखा गेला. होडीनं एक गचका खाल्ला, फास सैल झाला आणि मोतीराम आत माझ्या अंगावर पडला.

पायाकडे पाहवत नव्हतं. पाऊल जागेवर होतं, पण ते त्याच्या पायाचं वाटत नव्हतं. मी सदरा काढून पिंढरीवर आवळून बांधला. होडी पुन्हा खडपाकडे सरकत होती. मोतीरामनंच मला वल्हं कसं मारायचं ते सांगितलं. तोंड राखेसारखं झालेलं, डोळे अर्धे मिटलेले, आणि तो मला शांतपणे डावीकडे, उजवीकडे सांगत होता. मी वल्हं मारत होतो आणि माझे दात वाजत होते. त्याचे नव्हते वाजत. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्या लोकांनी आम्हाला लांबून पाहिलं आणि दुसरी होडी आली.

तिथून मालवणच्या दवाखान्यात, तिथून गाडीनं गोव्याला. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की पाऊल वाचवता येणार नाही, घोट्याच्या वरून काढावं लागेल. हाड चुरलं आहे आणि रक्तवाहिन्या फार वेळ दाबल्या गेल्या आहेत. शेवंतीवहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, थोडं आधी सुटला असता तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, पण अशा वेळी एकेक लाट मोलाची असते. ते घाईत होते. तेवढं बोलून आत गेले.

मी भिंतीला टेकून उभा होतो. एकेक लाट. मी मनात मोजल्या. त्यानं चाकू मागितल्यानंतरच्या दोन. की तीन? टोपली उपसताना एक लहान गेली असेल तर तीन.

मी चाकू का काढला नाही, याचं उत्तर मला त्या भिंतीपाशी सापडलं, आणि ते फार लहान होतं. मी घाबरलो नव्हतो, गोंधळलोही नव्हतो. माझ्या मनात शब्दही नीट आले होते. खारं पाणी लागेल, असे. एवढंच. माणसाचा पाय दोरात आणि माझ्या डोक्यात खारं पाणी लागेल.

तिसऱ्या दिवशी त्याला बोलता येऊ लागलं. खाटेभोवती खडपवाडीतली सात-आठ माणसं जमली होती, त्याचा थोरला भाऊ, चुलते, रापणीतले दोघं. मी पायथ्याशी, म्हणजे जिथं आता चादर सपाट होती तिथं उभा होतो. भावानं विचारलं, नेमकं झालं कसं? मास्तरांकडे चाकू होता तर मग इतका वेळ का लागला? त्याच्या मनात संशय नव्हता. त्याला फक्त सगळं नीट समजून घ्यायचं होतं.

मी तोंड उघडलं. मी सांगणार होतो. आजही मला वाटतं की मी सांगणार होतो.

त्याआधी मोतीराम बोलला. "चाकू उघडत नाय होतो. नवो चाकू, घडी घट्ट. मास्तरान नखां मोडल्यान, तेव्हा खंय उघडलो."

कुणीतरी चुकचुकलं. थोरल्या भावानं माझा हात हातात घेतला आणि माझी नखं पाहिली. जाळी उपसताना दोन खरंच तुटली होती. "वाचवलंत तुम्ही त्याला," तो म्हणाला.

मी मोतीरामकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. चाकूची घडी किती हलकी आहे हे त्याला माहीत होतं. त्या सकाळी त्यानं तो एका अंगठ्यानं उघडून मिटून पाहिला होता, चार-पाच वेळा, पोरानं खेळणं पाहावं तसा. तो खोटं बोलत होता, आणि ते माझ्यासाठी बोलत होता. याचा अर्थ त्याला सगळं कळलं होतं. लाट आवळत असताना, पाय मोडत असताना, मी टोपलीकडे का वळलो हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. बाहेर जाऊन मी नळाखाली डोकं धरलं.

आठवड्यानं रापणीतला एक जण माझ्या खोलीवर आला आणि चाकू देऊन गेला. होडीच्या तळाशी खाऱ्या पाण्यात पडला होता. पातं तांबडं झालं होतं, सांध्यात गंज धरलेला, पितळेवर हिरवट डाग. तो माणूस जाईपर्यंत मी तो हातात धरून बसलो. आणि मग, हे सांगायला मला आजही जड जातं, माझ्या हातांनी तेलाची बाटली काढली, कापसाचा बोळा केला आणि गंज पुसायला सुरुवात केली. किती वेळ पुसत होतो कोण जाणे. भानावर आलो तेव्हा अर्धं पातं स्वच्छ झालं होतं. मी बोळा टाकला आणि बाटलीला बूच लावलं.

त्यानंतर मी एकही चाकू घेतला नाही. असलेले पुढं एका शाळेच्या कार्यशाळेला देऊन टाकले.

मोतीराम खोटं पाऊल बसवून घेऊन हिंडूफिरू लागला. होडीवर मात्र गेला नाही. होडी भावाला दिली आणि अंगणात माडाखाली बसून जाळी विणायचं, सांधायचं काम धरलं. मला वाटलं होतं, आता माझं तिथं जाणं संपलं. पहिल्या रविवारी मी गेलो नाही. दुसऱ्या रविवारी वहिनींचा निरोप आला की जेवायला वाट पाहतोय. गेलो. मोतीरामनं जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि ताणून धर म्हणाला. त्या गोष्टीबद्दल तो बोलला नाही. मी दोनदा विषय काढला. एकदा त्यानं भरतीचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा त्यानं विणायची सुई खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, जेवण थंड होता." मग मी कधी काढला नाही.

तेरा वर्षं मी दर रविवारी त्या घरी जेवलो. वहिनी माझ्यासाठी सौंदाळा माशाचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, वेगळं काढून ठेवायच्या, कारण मला बांगडा सोसत नसे. कुणी पाहुणा आला, त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला माणसं आली, पुढं तिच्या सासरचे आले, की वहिनी माझ्याकडे बोट करून सांगायच्या, ह्या मास्तरांनी ह्यांना वाचवलं. चाकू उघडत नव्हता तरी नखं मोडून उघडला. माणसं माझ्याकडे आदरानं पाहायची. मी ताटाकडे बघत राहायचो. मनात म्हणायचो, बिचाऱ्या, यांना ठाऊक नाही. त्यांच्या भाबडेपणाची मला कीव यायची, आणि त्या कीवेचीही लाज वाटायची.

गेल्या वर्षी मोतीराम गेला. सकाळी जाळं मांडीवर घेऊन बसला होता, तसाच मागं कलला. तेरावं झालं, माणसं पांगली. मुलगी आत भांडी आवरत होती. मी पडवीत बसलो होतो. वहिनी येऊन खांबापाशी बसल्या. त्या दहा-बारा दिवसांत वाळून गेल्या होत्या.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, वहिनी, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. फार पूर्वीच सांगायला हवी होती. त्या दिवशी होडीत—

त्यांनी हात वर केला. शांतपणे, भाताला आता पुरे म्हणावं तसा.

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "चाकू घट्ट नाय होतो."

मी म्हटलं, कुणी सांगितलं?

"ह्येंनी माका दवाखान्यातच सांगितल्यानी. तुमी सगळी बाहेर गेलात तेव्हा. तुमचो हात खिशाकडे गेललो नि परत इलो, ता ह्येंनी बघितल्यानी."

तेरा वर्षं. दर रविवारचं ताट. सहाशे-सातशे ताटं. त्या प्रत्येक पाहुण्यापुढं माझ्याकडे केलेलं बोट. मी कसंबसं विचारलं, मग तुम्ही सगळ्यांना ते का सांगत होता? मला घरात का येऊ दिलं?

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. त्यांनी जे सांगितलं ते मी इथं माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्या थांबत थांबत बोलत होत्या. सुरुवातीला त्यांना माझं तोंड पाहवत नव्हतं. पहिली दोन वर्षं माझ्या ताटात वाढताना त्यांचा हात थरथरायचा, म्हणून त्या डाव्या हातानं उजवं मनगट धरून वाढायच्या. मला ते दिसत असे. मला वाटे, त्यांना सांधेदुखी आहे. एकदा तर त्यांनी माझ्यासाठी काढलेलं तिखलं मागच्या दारी मांजरापुढं ओतलं होतं, आणि पुन्हा नव्यानं करून मला वाढलं होतं. पाहुण्यांपुढं जे बोलायच्या ते मुद्दाम बोलायच्या. ते बोललं की मी मान खाली घालतो, हे त्यांना दिसत होतं. तेवढी शिक्षा त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली होती. मोतीरामला ते आवडत नसे, पण तो अडवत नसे.

"मगे राग गेलो," त्या म्हणाल्या. "कधी गेलो ता कळाक नाय. पण ह्येंनी पयल्याच दिवशी माझ्याकडसून वचन घेतल्यानी. म्हणाले, मास्तराक काय एक विचारू नको. विचारलंस तर तो येवचो बंद होतलो. पाय गेलो तो गेलो, माणूस जावक नको."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. मुलगीही ऐकत असावी. मी उठू लागलो आणि पुन्हा खाली बसलो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या, आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी पाणी प्यायलो.

त्यांनी रिकामा तांब्या माझ्या हातून घेतला. तांब्याकडेच बघत विचारलं,

"आयतवारी येतलात मां?"